ॲन्युरिझमचं सिम्युलेशन दर ठोक्याला त्याच क्षणी उडतंय? टाइम स्टेप कमी करण्याआधी हे बघा

लक्षण ओळखीचं आहे. सीटी स्कॅनवरून पोटातल्या महाधमनीचा ॲन्युरिझम (धमनीचा फुगवटा) सेगमेंट केला, मेश झाली (आतली जागा बारीक सेलमध्ये वाटली), इनलेटला (रक्त आत येतं त्या तोंडाला) प्रवाहाचा वेव्हफॉर्म दिला आणि रन लावून घरी गेलात. सकाळी येऊन बघता तर रन मध्येच उडालेला. सिस्टोल (हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तो काळ) बिनतक्रार पार पडलेलं असतं. वेग चढला, शिखर गाठलं, उतरायला लागला, आणि त्या उतारावर कुठेतरी कूरांट नंबर (एका टाइम स्टेपमध्ये रक्त किती सेल ओलांडतं तो आकडा) ०.७ वरून ३ वर, तिथून ४० वर, आणि पुढच्या दोन स्टेप्समध्ये फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन. परत लावला, परत तिथेच.

ज्युनियर्स ही तक्रार घेऊन येतात तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने तोवर एकच उपाय करून पाहिलेला असतो. टाइम स्टेप अर्धी केली, मग पाव केली. मीही तेच केलं होतं. माझ्या केसमध्ये फुगवटा ५.६ सेंमीचा होता, खाली दोन कॉमन इलियाक (महाधमनी दुभागून पायांकडे जाणाऱ्या धमन्या), ठोका ०.९ सेकंदाचा. रन उडायचा ०.४१ सेकंदाला. कधी पहिला ठोका कसाबसा पार पडलाच, तर दुसऱ्यात १.३१ ला, म्हणजे बरोब्बर ०.९ सेकंदांनी पुढे. मी टाइम स्टेप ०.००१ वरून ०.०००१ वर आणली, रनचा वेळ दहापट झाला, क्लस्टरच्या रांगेत तीन आठवडे गेले, आणि उडण्याचा क्षण ०.४१ चा ०.४०६ झाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. दोष टाइम स्टेपमध्ये नव्हताच.

एवढ्या नेमाने एकाच क्षणी रन उडतो तेव्हा त्या क्षणी रक्त काय करत असतं, हे आधी विचारायला हवं.

कधी उडाला, कुठे उडाला

काहीही बदलण्याआधी एक छोटा रन करा. उडण्याच्या आधीच्या वीसेक स्टेप्स एकेक करून सेव्ह होतील अशी सोय करा. एरवी आपण दर ०.०५ सेकंदाला सेव्ह करतो आणि नेमका गुन्हा घडतो तो क्षण हातातून निसटतो. मग पॅराव्ह्यूमध्ये (निकाल चित्रात बघायचं सॉफ्टवेअर) थ्रेशोल्ड लावून सगळ्यात जास्त वेग असलेले सेल तेवढे दाखवा. बहुतेक वेळा ते शंभर-दीडशे सेल एकाच ठिकाणी गोळा झालेले दिसतात, आणि ते ठिकाणच निदान सांगतं.

उतारावर आणि आउटलेटच्या (रक्त बाहेर जातं त्या) तोंडाशी उडाला असेल तर उलटा प्रवाह. भिंत हलणारी आहे आणि रन पहिल्या दहा-वीस स्टेप्समध्येच, भिंतीलगत उडाला असेल तर ॲडेड मास (भिंतीला रक्ताचंही वजन जाणवणं). पहिले काही डझन स्टेप्स ठीक गेले, मग फुगवट्यातली मेश ताणत ताणत ऋण आकारमानाचे सेल आले, तर भिंत शून्य ताणापासून फुगवली जातेय. तिन्हींची औषधं वेगळी आहेत आणि एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

उलटा प्रवाह

माझी फाइल उघडली तेव्हा उजव्या इलियाकच्या आउटलेटवर बाण आत वळलेले होते. सगळे नाहीत. अर्ध्या तोंडातून रक्त बाहेर जात होतं, उरलेल्या अर्ध्यातून आत येत होतं, आणि मधोमध एक भोवरा आउटलेटच्या पातळीवर चिकटून बसला होता. ०.३८ सेकंदाला आत येणारा वेग ०.१ मीटर प्रतिसेकंद होता, ०.४० ला २, त्यानंतर काहीच्या काही.

मूत्रपिंडांच्या खालच्या महाधमनीत विश्रांतीच्या वेळी डायस्टोलच्या (हृदय सैल पडतं त्या काळाच्या) सुरुवातीला थोडा प्रवाह खरोखरच उलटा फिरतो, डॉप्लरवर तो दिसतो. म्हणजे उलटा प्रवाह ही चूक नाही, ते शरीराचं वागणं आहे. चूक आपल्या आउटलेटमध्ये आहे. तिथे आपण फक्त दाब सांगतो. रक्त बाहेर जातंय तोवर तेवढं पुरतं, कारण वेग आतून ठरून आलेला असतो. पण रक्त आत यायला लागलं की ते कुठल्या वेगाने आणि कुठल्या दिशेने येतंय हे सांगणारं कुणीच नसतं. आत येणारा प्रवाह स्वतःबरोबर गतिज ऊर्जा घेऊन येतो, ती ऊर्जा समीकरणात हिशेबाबाहेर शिरते, तिच्यामुळे दाब पडतो, दाब पडला की आणखी रक्त ओढलं जातं. काही स्टेप्समध्ये खेळ खल्लास. टाइम स्टेप बारीक केली तर हाच घात जरा अधिक अचूकपणे मोजला जातो, इतकंच.

यावरचं माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक औषध म्हणजे बॅकफ्लो स्टॅबिलायझेशन. आउटलेटवर जिथे आणि जेव्हा प्रवाह आत येतो तिथे आणि तेव्हाच, येणाऱ्या संवेगाला विरोध करणारा एक ट्रॅक्शन (पृष्ठभागावरचा जोर) जोडायचा. त्याच्यापुढे बीटा नावाचा गुणक असतो. सिमव्हॅस्क्युलर या रक्तप्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो साधारण ०.२ ठेवतात आणि बहुतेक वेळा तेवढा पुरतो. प्रवाह बाहेर जात असताना ही टर्म शून्य असते, त्यामुळे उरलेल्या ठोक्याला धक्का लागत नाही. ०.२ पुरला नाही तर हळूहळू वाढवा, पण एकदम १ वर उडी मारू नका. आधी आउटलेट कुठे कापलंय ते बघा.

कारण बऱ्याचदा खरा घोळ कापण्यात असतो. फुगवट्यातून सुटलेले भोवरे दुभाजनातून खाली इलियाकमध्ये उतरतात. इलियाक दुभाजनापासून जेमतेम दोन सेंमीवर आणि तीही तिरकी कापली असेल, तर ते भोवरे विझायच्या आधीच आउटलेटवर आदळतात. व्हीएमटीके या रक्तवाहिन्यांच्या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये सेंटरलाइन (नळीच्या मधोमध जाणारी रेषा) काढा, तिला काटकोनात कापा, आणि पुढे व्यासाच्या पाच ते दहा पट सरळ नळी जोडा. कॉमन इलियाकचा व्यास साधारण १ सेंमी धरला तर ही ५ ते १० सेंमीची भर झाली. नळी जोडल्याने उलटा प्रवाह थांबत नाही, पण जो येतो तो तोंडभर एकसारखा येतो, अर्धा आत अर्धा बाहेर असा नाही. मी आता दोन्ही करतो, नळीही आणि बीटाही.

ओपनफोम (प्रवाहाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. इनलेटआउटलेट ही बाउंडरी कंडिशन लावून आतल्या वेगाला शून्य दिलं की रन उडायचं थांबतं आणि माणूस खूश होतो. पण तुम्ही तिथे एक झडप बसवलीत. इलियाकमध्ये झडप नसते. उलटा प्रवाह बंद झाला की फुगवट्यातलं डायस्टोलमधलं भोवऱ्यांचं चित्र बदलतं, आणि आपण नेमकं तेच बघायला निघालेलो असतो. प्रेशरइनलेटआउटलेटव्हेलॉसिटी त्यापेक्षा बरी, ती उलटा प्रवाह आउटलेटला काटकोनात येऊ देते आणि आडवा घटक काढून टाकते.

आउटलेटचा दाब शून्य ठेवलाय का?

रन चालू झाला म्हणजे काम झालं असं नाही. आउटलेटला आलोच आहोत तर तिथला दाब किती दिलाय तेही तपासा. कडक भिंतीच्या सिम्युलेशनमध्ये बहुतेक जण शून्य देतात आणि तिथे ते चालतं, कारण प्रवाहाला फक्त दाबातला फरक कळतो. मग तीच फाइल हलत्या भिंतीसाठी कॉपी होते, शून्यासकट. इथे मात्र घात होतो. फुगवट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबातला फरक जेमतेम १ मिमी एचजीच्या आसपास असतो. भिंतीवर येतात ते ८० ते १२० मिमी एचजी, आणि ते सगळेच्या सगळे आउटलेटच्या बाउंडरी कंडिशनमधून येतात. तिथे शून्य असेल तर तुमची भिंत रिकाम्या पिशवीसारखी लोंबतेय आणि तिच्यातला ताण बघण्यात काही अर्थ नाही.

तिथे विंडकेसल (पुढच्या धमन्यांच्या जागी बसणारं साधं मॉडेल) लावा. हा शब्द जर्मन आहे, आग विझवण्याच्या जुन्या हातपंपांमधली हवेची टाकी. पंप धक्क्याधक्क्याने पाणी ढकलतो, टाकीतली हवा दबते आणि बाहेर सलग धार येते. ओटो फ्रांकने १८९९ मध्ये धमन्यांच्या लवचिकतेचं गणित याच कल्पनेवर मांडलं. आपण वापरतो ते तीन घटकांचं रूप आहे: जवळचा रोध, लांबचा रोध आणि दोघांच्या मध्ये एक धारिता (धमन्यांची रक्त साठवण्याची लवचिकता).

आकडे कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. सुरुवातीला हातानेच काढा. सरासरी दाब १०० मिमी एचजी म्हणजे १३,३३२ पास्कल. मूत्रपिंडांखालचा सरासरी प्रवाह मिनिटाला १ लिटर धरला तर तो सेकंदाला १६.७ मिली. भागाकार केला की एकूण रोध ८ गुणिले १० चा ८ वा घात पास्कल-सेकंद प्रति घनमीटर. सीजीएसमध्ये हाच आकडा ८,००० येतो. दोन्ही इलियाक सारख्या असतील तर प्रत्येकीला याच्या दुप्पट. त्यातला साधारण दहावा हिस्सा जवळच्या रोधाला आणि उरलेला लांबच्या रोधाला देऊन सुरुवात करा. धारिता अशी निवडा की रोध आणि धारिता यांचा गुणाकार सुमारे दीड सेकंद येईल. मग एक रन करून आलेला दाब रुग्णाच्या दंडावरच्या कफने (रक्तदाबाच्या पट्ट्याने) मोजलेल्या दाबाशी ताडा आणि आकडे हलवा. पेशंटचा कफचा दाब स्कॅनच्या वेळी लिहून घेतलेला नसेल तर रेडिओलॉजीत जाऊन मागा. तो एक आकडा नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

आणि धारितेला सुरुवातीचा दाब द्यायला विसरू नका. शून्यावरून सुरू केलंत तर दीड सेकंदाच्या हिशेबाने टाकी भरायला पाच पट वेळ, म्हणजे साडेसात सेकंद लागतात. ते आठ-नऊ ठोके झाले. डायस्टोलचे ८० मिमी एचजी, म्हणजे १०,६६६ पास्कल आधीच भरून ठेवले तर तीन-चार ठोक्यांत दाब स्थिरावतो. क्लस्टरवर रांगेत उभं राहणाऱ्याला हा फरक काही दिवसांचा पडतो.

भिंत हलती आहे आणि रन पहिल्याच श्वासात जातो

आता दुसरा आजार. त्याआधी मनापासून विचारतो: तुम्हाला हलती भिंत खरंच हवी आहे का? रक्त भिंतीला घासून जाताना जो कातर ताण देतं तो १ पास्कलच्या आसपास, फुगवट्यात बहुतेक ठिकाणी त्याहूनही कमी. दाबामुळे भिंतीच्या आत निर्माण होणारा ताण लाखांत, ३,००,००० पास्कलच्या घरात. भिंत कुठे फाटू शकते एवढाच प्रश्न असेल तर स्थिर दाब लावलेलं साधं फायनाइट एलिमेंट गणित जवळजवळ तेच उत्तर काही मिनिटांत देतं. कातर ताणच हवा असेल तर कडक भिंतीचा प्रवाह बऱ्याचदा पुरतो. दोन्ही एकमेकांत गुंतलेले हवे असतील तरच या वाटेला या.

आलात, तर अडचण घनतेची आहे. रक्ताची घनता १,०६० किलो प्रति घनमीटर, भिंतीची १,१०० ते १,२००. दोन्ही जवळजवळ सारख्या. विमानाच्या पंखाच्या गणितात पंख जड आणि हवा हलकी असते, त्यामुळे आधी हवा सोडवा, मग पंख, मग पुढची स्टेप, असं चालतं. रक्त मात्र दाबलं जात नाही. भिंत केसभर सरकली तरी नळीतलं सगळं रक्त त्याच क्षणी हलवावं लागतं, आणि भिंतीला स्वतःच्या वजनाबरोबर त्या रक्ताचंही वजन जाणवतं. काउझिन, जेर्बो आणि नोबिले यांनी २००५ मध्ये हे गणिताने दाखवलं: नळी लांब, भिंत पातळ आणि घनता सारखी असेल तर एकदा-हा-एकदा-तो अशी सैल जोडणी अस्थिरच राहते, टाइम स्टेप कितीही घ्या. कित्येक पद्धतींत तर टाइम स्टेप जितकी बारीक तितकं लवकर उडतं. तुमच्याकडे बारीक केल्यावर रन आणखी आधी गेला असेल तर ही खूण पक्की समजा.

खात्रीची चाचणी सोपी आहे. भिंतीची घनता फक्त चाचणीपुरती दहापट करा. रन टिकला तर निदान झालं. आणि लगेच घनता परत जागेवर आणा, कारण जड भिंतीने काढलेला निकाल कुणाच्या कामाचा नाही.

औषध म्हणजे घट्ट जोडणी. एकाच स्टेपमध्ये प्रवाह आणि भिंत यांच्यात इतक्या फेऱ्या करायच्या की दोघांचं सीमेवर एकमत होईल. स्थिर रिलॅक्सेशन (दर फेरीला नव्या उत्तराचा थोडाच भाग घेणं) ०.०५ ठेवून हे होतं, पण फेऱ्या कित्येक डझन लागतात. एटकेन रिलॅक्सेशन दर फेरीला गुणक स्वतः बदलतं, ते बरंच बरं. प्रीसाइस (दोन सॉल्व्हर जोडणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर सरळ क्वासी-न्यूटन चालू करा, आधीच्या फेऱ्यांवरून शिकत ते सहसा पाच ते दहा फेऱ्यांत जमवतं. ओपनफोमबरोबर वापरताना ॲडॅप्टरच्या फाइलमध्ये रक्ताची घनता दिलीय ना तेवढं बघा. ओपनफोमच्या न दबणाऱ्या सॉल्व्हरमध्ये दाब आधीच घनतेने भागलेला असतो, त्यामुळे १२० मिमी एचजी तिथे १६,००० असा दिसत नाही, १५.१ असा दिसतो. घनता १ राहिली तर भिंतीला हेच १५.१ पास्कल पोचतात.

रुग्णाच्या भूमितीवर ही जोडणी पारखू नका. आधी सरळ नळी घ्या: लांबी ५ सेंमी, त्रिज्या ०.५ सेंमी, भिंत ०.१ सेंमी, एका टोकाला ३ मिलिसेकंद दाबाचा ठोका. भिंतीचा लवचिकतेचा गुणांक ३ गुणिले १० चा ६ वा घात डाइन प्रति चौरस सेंमी आणि रक्ताची घनता १ धरली, तर लहरीचा वेग हाताने सेकंदाला साधारण ५.५ मीटर येतो. म्हणजे ठोका दुसऱ्या टोकाला ९ मिलिसेकंदांच्या आसपास पोचला पाहिजे. पोचला तर जोडणी बरोबर आहे आणि पुढचा दोष फुगवट्यात शोधायचा.

फुगवटा फुगतच जातो

तिसरा आजार सगळ्यात चोरटा, कारण यात रन कधी कधी पूर्णही होतो. सीटीत दिसणारा फुगवटा काही मोकळा पडलेला नाही. स्कॅनच्या क्षणी त्याच्या आत किमान ८० मिमी एचजी होतेच. आपण तो आकार शून्य ताणाचा समजतो आणि त्यावर पुन्हा १२० चढवतो. ५.६ सेंमीचा फुगवटा मग ६ च्या पुढे जातो, आतली मेश ताणते आणि फाटते. नाही फाटली तरी ताण चुकीच्या आकारावर मोजला जातो.

उपाय म्हणजे उलटं चालणं. सीटीच्या आकारावर ८० चढवा, प्रत्येक नोड किती सरकला ते बघा, तेवढं सरकणं सीटीच्या मूळ जागेतून वजा करा. या नव्या, जरा आक्रसलेल्या आकारावर परत ८० चढवा. फुगून तो सीटीशी जुळेपर्यंत हे करत राहा. नोड्समधला फरक ०.१ मिमीच्या खाली आला की थांबा, स्कॅनची अचूकता त्याहून जास्त नसतेच. जिथे भिंत आत वळलेली आहे तिथे वजाबाकीने चुणी पडायला लागली तर सरकण्याचा अर्धाच भाग वजा करत जा.

ताणाचा आकडा आला, आता हाताने ताडा

दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. १६ किलोपास्कल, २८ मिमी, १.५ मिमी: सिलिंडर धरला तर ०.३ मेगापास्कल, गोल धरला तर त्याच्या निम्मे. खरा फुगवटा या दोन्हींच्या आसपास वावरतो आणि वक्रता बदलते तिथे वर जातो. म्हणून तुमचं चित्र दशांशाच्या पहिल्या घरात असायला हवं. ०.०००३ आलं तर घनतेने गुणायचं राहिलंय. ०.००२ च्या आसपास आलं तर दोन शक्यता आहेत: आउटलेटला शून्य दाब आहे, नाहीतर १२० मिमी एचजीऐवजी १२० पास्कल दिलेत. दोन्हींचं उत्तर जवळजवळ सारखं येतं, तेव्हा भिंतीवरचा दाब प्रत्यक्ष वाचा.

पदार्थाच्या आकड्यांतही असाच चकवा आहे. राघवन आणि व्हॉर्प यांच्या २००० सालच्या, ॲन्युरिझमच्या भिंतीच्या मॉडेलमधले १७.४ आणि १८८.१ हे न्यूटन प्रति चौरस सेंमीमध्ये आहेत. मिलिमीटरच्या मॉडेलमध्ये ते ०.१७४ आणि १.८८१ मेगापास्कल म्हणून जायला हवेत. जसेच्या तसे टाकले तर भिंत शंभरपट ताठ होते आणि रन इतका शांत चालतो की शंकाही येत नाही.

सगळं जमलं आणि तरी एखाद्या ठिकाणी ताण ३ मेगापास्कल दिसला तर ते ठिकाण बघा. वरच्या मानेशी (फुगवटा सुरू होतो तिथल्या अरुंद भागाशी) किंवा इलियाकच्या टोकाशी, जिथे आपण भिंत जखडलीय तिथे असेल, तर तो ताण रुग्णाचा नाही, आपल्या जखडण्याचा आहे. टोकापासून दीड-दोन सेंमीचे एलिमेंट सोडून द्या. फुगवट्यातच एखादा एकटा एलिमेंट लाल असेल तर तिथला सेगमेंटेशनचा खडबडीतपणा आधी तपासा, आणि अहवालात सर्वोच्च आकड्याऐवजी ९९ वा पर्सेंटाइल लिहा. माझ्या त्या ५.६ सेंमीच्या केसमध्ये सर्वोच्च ताण मागच्या बाजूला, कण्याला लागून असलेल्या एका टोकदार सेलवर दिसत होता. पृष्ठभाग नीट गुळगुळीत करून परत चालवलं तेव्हा तो डाग पूर्ण गेला, आणि मागच्या डाव्या बाजूला, जिथे फुगवट्याचा खांदा मानेला मिळतो, तिथे ताणाचा एक रुंद पट्टा दिसला. तो मेश दुप्पट बारीक केल्यावरही जागचा हलला नाही.